जुन्या कॉलेजची क्रेडिट्स नव्या कॉलेजात येत नाहीत: नेमके कुठे अडते आणि काय करायचे

दर जूनमध्ये, आणि दिवाळीनंतर दुसरे सत्र सुरू होताना पुन्हा, कॉलेजच्या कार्यालयात हीच तक्रार येते. एखादी मुलगी सावंतवाडीला पहिले वर्ष करून लग्नानंतर डिचोलीत आलेली असते. एखाद्याने मडगावात तीन सेमिस्टर केलेली असतात, मग घरच्या अडचणीत दोन वर्षे निघून जातात आणि आता त्याला फोंड्यात पुढचे शिकायचे असते. हातात मार्कशीट असते, सगळे विषय सुटलेले असतात, तरी नवे कॉलेज सांगते की क्रेडिट्स (पेपर सुटल्यावर त्याच्या तासांच्या हिशोबाने मिळणारे अंक) दिसत नाहीत. किंवा दिसतात, पण धरता येत नाहीत.

मी गोव्यात फोंडा तालुक्यातल्या एका महाविद्यालयात प्रवेश आणि परीक्षेचे काम पाहते. या एका गोष्टीपायी मुलांचे वर्ष जाते तेव्हा फार वाईट वाटते, कारण बहुतेक अडचणी सुटण्यासारख्या असतात. नेमके कुठे अडले आहे ते न पाहता घरचे लोक घाईने मायग्रेशन सर्टिफिकेट (विद्यापीठ सोडल्याचा दाखला) काढून आणतात आणि तिथे खरा घोळ होतो. म्हणून आधी एवढेच सांगते: नव्या कॉलेजने तुमचे कुठले पेपर धरले हे लेखी हातात आल्याशिवाय मायग्रेशन काढू नका. ते काढले की जुन्या विद्यापीठातली नोंदणी सहसा संपते. मग तिकडची एटीकेटी (न सुटलेल्या पेपरची परीक्षा) द्यायची राहिली असेल, किंवा बेत बदलून परत तिथेच जायचे झाले, तर पुन्हा अर्ज, पुन्हा फी, पुन्हा खेटे.

‘दिसत नाहीत’ आणि ‘धरता येत नाहीत’ या दोन वेगळ्या अडचणी आहेत. पहिली नोंदीची आहे आणि ती जुन्या कॉलेजात सुटते. दुसरी अभ्यासक्रमाची आहे आणि ती नव्या कॉलेजात सुटते. लोक नेमके उलटे करतात: नोंदीसाठी नव्या कॉलेजशी भांडतात आणि सिलॅबससाठी जुन्या कॉलेजला फोन लावत बसतात.

खाते उघडले, पण आत काहीच नाही

क्रेडिट्स जमा ठेवण्याची आज जी देशभरची व्यवस्था आहे ती म्हणजे अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स, सगळे तिला एबीसी म्हणतात. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) तिचे नियम जुलै २०२१ मध्ये काढले. विद्यार्थ्याने डिजिलॉकरमधून खाते उघडायचे, त्याला बारा आकडी आयडी मिळतो. हल्ली त्यालाच अपार आयडी म्हणतात. इथवर सगळ्यांना माहीत असते. माहीत नसते ते हे की या खात्यात विद्यार्थ्याला स्वतः काहीही भरता येत नाही. मार्कशीट स्कॅन करून कुठे चढवायची, असे पालक विचारतात. कुठेच नाही. क्रेडिट्स चढवते ती शिकवणारी संस्था. तुमचे खाते रिकामे दिसत असेल तर जुन्या कॉलेजने किंवा विद्यापीठाने तुमची ओळ अजून पाठवलेली नाही, किंवा पाठवलेली ओळ परत आली आहे.

ओळ म्हणते कारण ते काम खरोखरच तसे होते. परीक्षा विभाग एका तक्त्यात प्रत्येक विद्यार्थ्याची माहिती भरतो: नाव, आयडी, पेपरचा कोड, क्रेडिट्स, ग्रेड. आयडीचा एक आकडा चुकला, किंवा त्या रकान्यात काहीच नसले, तर बाकीच्या वर्गाची क्रेडिट्स जमा होतात आणि तुमची राहतात. ज्यांनी निकाल लागल्यानंतर खाते उघडले त्यांचे बहुतेक वेळा हेच झालेले असते. तक्ता गेला तेव्हा त्यांच्याकडे आयडीच नव्हता. अशा वेळी जुन्या कॉलेजच्या परीक्षा विभागाला लेखी अर्ज द्या. त्यात पूर्ण नाव, सीट नंबर, पीआर नंबर (विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक), सेमिस्टर, निकालाची तारीख आणि बारा आकडी आयडी लिहा, सोबत त्या त्या सेमिस्टरच्या मार्कशीटची झेरॉक्स जोडा. पोचपावती घ्या. फोनवर ‘करतो’ म्हणाले की आपले काम झाले असे धरू नका. त्या माणसाच्या टेबलावर तुमचा कागद असेल तरच तुमचे नाव त्याच्या लक्षात राहते.

सगळ्यात जास्त अडते ते नावावर, आणि गोव्यात ते जरा जास्तच अडते. आपल्याकडे आडनावांची इंग्रजी स्पेलिंगे पोर्तुगीज काळापासून चालत आलेली आहेत. देसाई कुठे एका ‘एस’ने, कुठे दोन. नाईक कुठे ‘के’ने संपतात, कुठे जुन्या दस्तऐवजात ‘क्यू-यू-ई’ने. एकाच घरात बापाचे एक आणि मुलाचे दुसरे असते. त्यात मुंबई विद्यापीठाच्या मार्कशीटवर आडनाव आधी आणि आईचे नाव शेवटी येते, आधारवर मुलीचे नाव आधी. लग्न झालेल्या मुलींचे आधार नव्या आडनावाने, मार्कशीट माहेरच्या. आपल्याला कळते की माणूस एकच आहे, पण संगणकाला त्या दोन नोंदी जुळत नाहीत.

यात दुरुस्ती कुठे करायची हे आधी ठरवा, नाहीतर एक कागद सुधारताना दुसरा बिघडतो. विद्यापीठे दहावी-बारावीच्या प्रमाणपत्रावरचे नाव प्रमाण मानतात. त्यामुळे साधा उपाय म्हणजे आधारवरचे नाव दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणे करून घेणे. लग्न होऊन आलेल्या मुलींना मी कळकळीने सांगते की पदवी हातात पडेपर्यंत आधारवर माहेरचे नाव राहू द्या. घरच्यांना समजावून सांगा, हवे तर आम्ही सांगतो. आणि कोणाला नावच खरोखर बदलायचे असेल तर गोव्यात त्यासाठी १९९० चा स्वतंत्र कायदा आहे, ते काम सिव्हिल रजिस्ट्रारकडे होते. प्रतिज्ञापत्र करून आणले की भागेल असे समजू नका.

आणखी एक बारीक गोष्ट. आधारला जोडलेला मोबाइल नंबर बापाचा असतो आणि बाप बोटीवर नोकरीला. ओटीपी त्याच्या फोनवर जातो, तो समुद्रात. खाते उघडायचे म्हणून मुलगा आठवडेच्या आठवडे वाट पाहत राहतो. आधार केंद्रात जाऊन मुलाचा स्वतःचा नंबर जोडून घ्या, पुढे शिष्यवृत्तीलाही तोच लागतो. आणि शाळेत असताना अपार आयडी निघाला असेल तर तो डिजिलॉकरमध्ये आधी शोधा. तोच कॉलेजला द्या, नवा काढायला जाऊ नका.

एबीसीमध्ये २०२१-२२ या शैक्षणिक वर्षापासूनची क्रेडिट्सच चालतात. त्याआधी शिकलेल्यांनी खात्यात शोधत बसू नये, त्यांचा मार्ग वेगळा आहे, तो पुढे सांगते. आणि जमा क्रेडिट्सना जास्तीत जास्त सात वर्षांची मुदत आहे. २०२१-२२ ला पहिले वर्ष करून शिक्षण सोडलेल्यांसाठी ती आता जवळ येत चालली आहे. ‘नंतर बघू’ म्हणणाऱ्यांनी हे मनावर घ्यावे.

दिसतात, पण धरत नाहीत

खरे काम इथे आहे. पालकांची समजूत असते की पहिले वर्ष पास म्हणजे दुसऱ्या वर्षाला प्रवेश. तसे होत नाही. विद्यापीठ वर्ष उचलून घेत नाही, ते एकेक पेपर तपासते. ज्या विषयाचा पेपर आहे त्या विषयाचे शिक्षक किंवा समकक्षता समिती बघते की तुम्ही जे शिकलात ते इथल्या कुठल्या पेपरशी जुळते. म्हणजे चाळीस क्रेडिट्स खात्यात असूनही त्यातली तीसच धरली जाऊ शकतात, आणि त्यात कोणी तुमच्यावर अन्याय केला असे नसते.

बी.ए.च्या एका मुलीचे उदाहरण देते. सूक्ष्म अर्थशास्त्राचा पेपर, नाव दोन्हीकडे तेच. तिचा जुना पेपर ३ क्रेडिटचा, इथला ४ चा. नुसत्या मार्कशीटवरून समितीला काहीच ठरवता येईना. मग तिने जुना सिलॅबस आणला आणि एका फुलस्केपवर दोन रकाने आखले. डावीकडे इथल्या पेपरचे घटक: मागणी आणि पुरवठा, लवचिकता, ग्राहकाचे वर्तन, उत्पादन आणि खर्च, बाजाराचे प्रकार. उजवीकडे त्या त्या घटकासमोर जुन्या सिलॅबसमधला घटक, त्याचे तास आणि पान नंबर. बाजाराच्या प्रकारांसमोर तिच्याकडे काही नव्हते, ती जागा तिने कोरीच ठेवली. विषयाच्या सरांनी तो कागद हातात घेतला, सिलॅबसची पाने उलटून दोन ठिकाणी टिक केली आणि पेपर धरला. कमी पडलेले एक क्रेडिट पुढे भरून काढण्याची अट घातली. कोरी जागा कोरी ठेवल्यामुळे त्यांचा बाकीच्या रकान्यांवर विश्वास बसला. काही मुले सगळे जुळते असे दाखवायला ओढूनताणून घटक लावतात. शिक्षक तो विषय आयुष्यभर शिकवत आलेले असतात, त्यांना ते पहिल्या ओळीत दिसते.

ते एक क्रेडिट का कमी पडले, हे समजून घेतले तर पुढचे वाद टळतात. यूजीसीच्या आराखड्यात व्याख्यानाचे एक क्रेडिट म्हणजे सेमिस्टरमध्ये १५ तास आणि प्रात्यक्षिकाचे एक क्रेडिट म्हणजे ३० तास. तिचा पेपर ४५ तासांचा, इथला ६० तासांचा. ते १५ तास कुठून तरी यावे लागतात.

सिलॅबस आणताना तो तुम्ही शिकलात त्या वर्षीचा आहे ना हे बघा. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर सध्याचा असतो, आणि २०२३-२४ पासून नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे गोव्यात आणि इतरत्रही अभ्यासक्रम बदललेले आहेत. चुकीच्या वर्षाचा सिलॅबस जोडला की पेपरचा कोड मार्कशीटशी जुळत नाही आणि अर्ज परत येतो. योग्य वर्षाची प्रत काढून जुन्या कॉलेजच्या प्राचार्यांचा सही-शिक्का प्रत्येक पानावर घ्या. त्या कॉलेजात शेवटचे जाल तेव्हाच हे करून घ्या. बाकी कागद पोस्टाने येतात, पानोपानी शिक्का मारून द्यायला कोणी पोस्टाने तयार होत नाही.

मग प्रश्न येतो तो कप्प्यांचा. नव्या रचनेत तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० क्रेडिट्स लागतात, पण ती कशीही जमवलेली चालत नाहीत. यूजीसीच्या आराखड्याप्रमाणे मेजर (मुख्य) विषयाची किमान ६०, मायनरची (दुय्यम विषयाची) २४, बहुशाखीय पेपरांची ९, भाषा आणि संवादकौशल्याची ८, कौशल्य पेपरांची ९, बाकी मूल्यवर्धित पेपर आणि इंटर्नशिप. तुमचा पेपर धरला गेला तरी तो कुठल्या कप्प्यात धरला हे बघावे लागते. जुन्या कॉलेजात इतिहास मेजर होता आणि इथे मराठी मेजर घ्यायचे असेल तर इतिहासाची क्रेडिट्स मायनरमध्ये जाऊ शकतात, पण मराठीच्या पायाभूत पेपरांची जागा रिकामी राहते. खात्यात चाळीस दिसत असूनही मुलाला पहिल्या वर्षाचे दोन पेपर पुन्हा घ्यावे लागतात ते यामुळे. म्हणून नव्या कॉलेजला ‘किती धरली?’ एवढेच विचारू नका. ‘कुठल्या कप्प्यात धरली आणि आता काय उरले?’ हे विचारा आणि उत्तर कागदावर घ्या. पदवी देणाऱ्या विद्यापीठाची स्वतःकडे अमुक क्रेडिट्स कमावलीच पाहिजेत अशीही अट असते, ती त्याच वेळी विचारून घ्या. तिसऱ्या वर्षाला बदली मागणाऱ्यांचे घोडे बहुतेक तिथेच अडते.

गोव्यातल्या गोव्यात कॉलेज बदलणाऱ्यांना हे सगळे सोपे जाते, कारण संलग्न महाविद्यालयांचा सिलॅबस गोवा विद्यापीठाचाच असतो. तिथे मायग्रेशनही लागत नाही. ट्रान्सफर सर्टिफिकेट, जुन्या कॉलेजचे ना-हरकत पत्र आणि नव्या कॉलेजात त्या विषयाची जागा एवढ्यावर काम होते. फक्त मडगावच्या चौगुले महाविद्यालयासारख्या स्वायत्त महाविद्यालयातून बाहेर पडताना किंवा तिथे जाताना दोन रकान्यांचा तक्ता लागतो, कारण पदवी गोवा विद्यापीठाची असली तरी अभ्यासक्रम त्यांचा स्वतःचा असतो.

एटीकेटीबद्दल थोडक्यात: न सुटलेल्या पेपरचे क्रेडिट मिळतच नाही, त्यामुळे ते येण्याचा प्रश्न नाही. जमल्यास जुन्या ठिकाणी तो पेपर सोडवूनच निघा.

मध्येच थांबलेल्यांसाठी

पहिल्या वर्षाची ४० क्रेडिट्स आणि उन्हाळ्यातला ४ क्रेडिटचा व्यावसायिक कोर्स करून सर्टिफिकेट घेऊन बाहेर पडलेल्यांना तीन वर्षांच्या आत परत येता येते आणि एकूण सात वर्षांत पदवी पूर्ण करता येते. पण एकदा एखाद्या पदविकेसाठी किंवा पदवीसाठी वापरलेली क्रेडिट्स खात्यातून वजा होतात, ती दुसऱ्या पदवीला पुन्हा लावता येत नाहीत. म्हणून वेगळ्याच विषयाकडे जायचा विचार असेल तर जुन्या क्रेडिट्सवर प्रमाणपत्र घेण्याआधी नव्या कॉलेजशी बोला.

२०२१ च्या आधी शिकलेल्यांचे काम हाताने होते. यात मुले मोठी झाल्यावर पदवी पूर्ण करायला निघालेल्या बायका खूप असतात, आणि मला त्यांचे फार कौतुक वाटते. त्यांच्या मार्कशीटवर कित्येकदा क्रेडिट हा शब्दच नसतो, नुसते गुण असतात. त्यांनी जुन्या विद्यापीठाकडून ट्रान्सक्रिप्ट (सगळ्या पेपरांच्या गुणांचा अधिकृत उतारा) काढावे, त्या वर्षीचा सिलॅबस तासांसकट मिळवावा आणि तोच दोन रकान्यांचा तक्ता करून समकक्षतेसाठी अर्ज करावा. सगळे धरले जाईल अशी आशा धरू नये. जुना आणि नवा अभ्यासक्रम यात फार अंतर पडलेले असते. जुन्या कागदांसाठी कुठे जायचे याचाही गोंधळ होतो. गोवा विद्यापीठ जून १९८५ मध्ये सुरू झाले, त्याआधी इथली महाविद्यालये मुंबई विद्यापीठाला जोडलेली होती. त्या काळातल्या परीक्षांची नोंद ताळगावच्या पठारावर, म्हणजे गोवा विद्यापीठात, मिळणार नाही, मुंबईलाच मागावी लागेल.

स्वयम्, कायदा आणि परदेश

स्वयम्‌वर (केंद्र सरकारच्या ऑनलाइन कोर्सच्या संकेतस्थळावर) केलेल्या कोर्सचे प्रमाणपत्र आहे, तरी क्रेडिट नाही, अशीही तक्रार येते. नियमाप्रमाणे एका सेमिस्टरमधले ४० टक्क्यांपर्यंत कोर्स स्वयम्‌वरून घेता येतात, पण तो कोर्स आपल्या कॉलेजने आधी मान्य केलेला असावा लागतो. आवड म्हणून केलेला कोर्स नंतर क्रेडिटसाठी पुढे केला तर ‘आधी परवानगी घेतली होती का?’ हाच प्रश्न येतो. अर्ज सत्राच्या सुरुवातीला करा.

कायद्याच्या मुलांना मात्र स्पष्टच सांगावे लागते. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांत मधूनच प्रवेश देण्याला मनाई आहे. बी.ए. दोन वर्षे केली म्हणून पाच वर्षांच्या कायद्याच्या कोर्सला तिसऱ्या वर्षाला बसता येत नाही. नर्सिंग, फार्मसी, बी.एड. या कोर्सांनाही आपापल्या परिषदांचे नियम आहेत. तिथे विद्यापीठाच्या आधी परिषदेचा नियम वाचा.

पोर्तुगालला जाणारे बरेच जण विचारतात की आपली ४० क्रेडिट्स तिकडच्या किती होतात. युरोपात एका वर्षाची ६० क्रेडिट्स धरतात. आपल्याकडच्या राष्ट्रीय आराखड्यात एका क्रेडिटला ३० तासांचा अभ्यास धरतात, त्यांच्याकडे २५ ते ३०. गुणाकार करून स्वतः आकडा लिहू नका, तो हिशोब नवे विद्यापीठ करते. तुम्ही विद्यापीठाच्या मोहोरबंद पाकिटातले ट्रान्सक्रिप्ट आणि तासांसकट सिलॅबस तयार ठेवा.

जुने कॉलेज दादच देत नसेल तर

असेही होते. अर्ज दिला, पोचपावती घेतली, महिना उलटला, काही नाही. आधी प्राचार्यांना किंवा कुलसचिवांना पहिल्या अर्जाची प्रत जोडून स्मरणपत्र द्या. त्यानेही हलले नाही तर २०२३ च्या यूजीसी नियमांप्रमाणे प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असायला हवी, तिच्याकडे जा. तिने १५ कामाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. समाधान झाले नाही तर विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील करता येते, त्यालाही १५ दिवसांचीच मुदत असते, ती चुकवू नका. यूजीसीच्या ई-समाधान संकेतस्थळावर ऑनलाइन तक्रारही नोंदवता येते.

मूळ प्रमाणपत्रे अडवून ठेवण्याचा अधिकार कुठल्याही कॉलेजला नाही. यूजीसीने २०१८ मध्ये तसे स्पष्ट कळवलेले आहे. पुढच्या सगळ्या वर्षांची फी भरा, मग कागद देतो, असे कोणी म्हणाले तर ते लेखी मागा. लेखी द्यायला सहसा कोणी तयार होत नाही आणि कागद मिळतात. मात्र वाचनालयाची पुस्तके, प्रयोगशाळेची बाकी, वसतिगृहाचे बिल खरेच राहिले असेल तर ते आधी चुकते करा, नाहीतर तुमच्या खऱ्या तक्रारीलाही वजन राहत नाही.

हे सगळे मे महिन्यात सुरू करा. जुने कॉलेज, विद्यापीठ, नवे कॉलेज आणि समिती अशा चार टेबलांवरून कागद फिरतो, पुढे चवथीची सुट्टी येते आणि तोवर परीक्षेचे फॉर्म भरायची वेळ झालेली असते. समितीचा निर्णय यायचा असेल तर नव्या कॉलेजकडून तात्पुरता प्रवेश मागा, वर्गात बसा आणि हजेरी लागते ना याची शिक्षकांकडे खात्री करून घ्या, कारण क्रेडिट्स सप्टेंबरात धरली गेली तरी जुलैपासूनची हजेरी नंतर भरून देता येत नाही. जे पेपर धरले जातील की नाही याची शंका आहे त्यांचा परीक्षेचा फॉर्म भरूनच ठेवा. पेपर धरला गेला तर तो फॉर्म मागे घेता येतो का, हे त्याच दिवशी खिडकीवर विचारून घ्या.